टोल न भरलेली गाडी

इ. स. १९८९ मधील गोष्ट. नॉर्वे देशातील टोलनाक्यांवरून एक लहानशी फियाट पांडा मोटार पैसे न भरता निघून जात असे. तिच्यात पेट्रोलच्या इंजिनाऐवजी बॅटऱ्या आणि विजेची मोटर बसवलेली होती. गाडीत असत ‘आ-हा’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे गायक मॉर्टन हार्केट आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे. जी गाडी धूर सोडत नाही तिला टोल कशाला, असा त्यांचा सवाल होता. दंड साचत गेला, सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली आणि बेलोनाच्याच लोकांनी ती परत विकत घेतली. मग पुन्हा टोल न भरणे सुरू!

गंमत बाजूला ठेवली तर या गोष्टीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. विजेवरच्या मोटारींसाठी सरकारने जनतेचा पैसा खर्च करावा, की त्यांचे भवितव्य बाजारावर सोडावे? वर्गात वादविवादासाठी हा विषय दिला तर दोन तट लगेच पडतील. परंतु बाजू घेण्यापूर्वी नॉर्वेत पुढे काय घडले ते आपण क्रमाने पाहू.

१९९० मध्ये नॉर्वे सरकारने विजेच्या मोटारींवरील खरेदी-कर माफ केला. १९९७ मध्ये टोल माफ झाला. २००१ मध्ये मूल्यवर्धित करही माफ झाला आणि २००५ पासून या गाड्यांना बससाठी राखलेल्या मार्गिकेतून जाण्याची मुभा मिळाली. नॉर्वेत पेट्रोलच्या मोटारींवर भारी कर असल्याने या सवलतींचे मोल मोठे होते. येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यायला हवा. सरकारने तिजोरीतून रोख रक्कम काढून दिली नाही, म्हणजे खर्च झाला नाही असे नव्हे. न घेतलेला कर हाही सार्वजनिक खर्चच असतो.

मग गाड्या भराभर खपल्या का? मुळीच नाही. पहिल्या सवलतीनंतर वीस वर्षे लोटली, तरी २०१० मध्ये नव्याने विकल्या गेलेल्या शंभर मोटारींमध्ये विजेची एकही भरत नव्हती. कारण करात नव्हते, बॅटरीत होते.

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. शिसे-आम्ल बॅटरीच्या एक किलो वजनात जेमतेम ०.०३ ते ०.०४ युनिट मावते. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते हे खरे, पण एवढी मोठी तफावत त्याने भरून निघत नाही. शंभर किलो बॅटऱ्या लादून हाती तीन-चार युनिटे लागणार. त्यांवर गाडी थोडेच अंतर जाणार आणि नॉर्वेच्या थंडीत त्याहूनही कमी.

ही अडचण सुटली ती नॉर्वेबाहेर. १९७० च्या दशकातील तेलटंचाईच्या काळात एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमच्या पुनर्भारित होणाऱ्या बॅटरीवर काम केले. १९८० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी तिच्यासाठी कोबाल्ट ऑक्साइडचा विद्युतअग्र सुचवला. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी तिला सुरक्षित, वापरण्याजोगे रूप दिले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली, पण मोटारींसाठी नव्हे, तर हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी! पुढे लॅपटॉप आणि मोबाइल फोन आले, खप वाढला, किंमत उतरत गेली. या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिसे-आम्ल बॅटरीपेक्षा वजनामागे पाचपट किंवा अधिक ऊर्जा साठवणारी ही बॅटरी बसवलेल्या मोटारी २०१० च्या सुमारास विक्रीला आल्या. त्या जगभर मिळू लागल्या होत्या, पण सर्वांत वेगाने खपल्या त्या नॉर्वेत, कारण तेथे सवलतींची व्यवस्था तयार होती. २०२० मध्ये तेथील नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण शेकडा सुमारे ८९ झाले. थोडक्यात, बॅटरीविना सवलती वीस वर्षे निष्फळ राहिल्या आणि सवलतींविना तीच बॅटरी इतर देशांत पुष्कळ सावकाश पसरली.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘थिंक’ ही नॉर्वेचीच विजेच्या मोटारी बनवणारी कंपनी. तिचे १९९८ मध्ये दिवाळे निघाले. पुढे फोर्डने ती घेतली आणि सोडली. २०११ मध्ये ती पुन्हा बुडाली. घरच्या गिऱ्हाइकाला सवलत दिल्याने घरचा कारखाना तगतोच असे नाही. शिवाय महागडी नवी गाडी घेणाऱ्या सधन कुटुंबांना करमाफीचा लाभ अधिक झाला. सायकलने किंवा बसने जाणाऱ्याच्या पदरात त्यातले काय पडले? सवलतींचा बोजा वाढल्यावर सरकारने त्या आवरत्या घेतल्या. २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरपेक्षा अधिक किमतीच्या गाडीवर, त्या मर्यादेवरील रकमेपुरता, २५ टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला.

नॉर्वेची परिस्थिती खास आहे हेही विसरून चालणार नाही. तेथील बहुतेक वीज पाण्यापासून मिळते, त्यामुळे गाडीचा धूर वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडत नाही. दुसरीकडे हाच देश तेल आणि वायू परदेशी विकून श्रीमंत झाला आहे. एवढी वर्षे कर सोडणे त्याला परवडले ते त्यामुळेच.

तेव्हा ‘सरकार की बाजार’ हा प्रश्न आहे तसा वर्गात मांडला तर उत्तर चुकण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला सांगावे असे आम्हांला वाटते. अडचण किमतीची आहे की तंत्राची? सवलतीचा पैसा कोणाच्या खिशातून जातो आणि कोणाच्या खिशात पडतो? गाडीची वीज कशापासून बनते? आणि सवलत केव्हा थांबवायची हे आधी ठरले आहे का? पेट्रोलच्या गाडीच्या किमतीत धुराने होणाऱ्या हानीचा हिशेब नसतो, म्हणून बाजाराचे उत्तर अपुरे ठरते. ते पुरे करायला सरकार पुढे आले, तर त्याच्याकडूनही या चार प्रश्नांची उत्तरे मागितलीच पाहिजेत.