आयडर बदक आणि त्याची लव
आयडर : उत्तर अटलांटिक व आर्क्टिक किनाऱ्यांवरचे मोठे, जाडजूड सागरी बदक. बुडी मारून तळाशी असलेले शिंपले ते कवचासकट गिळते. नर पांढरा-काळा, मादी तपकिरी, त्यामुळे अंड्यांवर बसलेली सहसा नजरेत येत नाही. बाजारात या पक्ष्याला मोल आले ते मात्र मादीमुळेच. छातीवरची मऊ लव उपटून ती घरट्यात अंथरते आणि सुमारे २५ दिवस जवळजवळ उपाशी राहून अंडी उबवते. या लवेचे तंतू एकमेकांत गुंतून राहतात, त्यांत हवा कोंडली जाते. म्हणून अगदी हलक्या रजईतही भरपूर ऊब मिळते. एक किलो स्वच्छ लव जमवायला साठेक घरटी लागतात, तेव्हा अशा रजईची किंमत अवाच्या सवा असण्यात नवल नाही. जगातली बहुतेक लव आइसलंडमधून येते. तेथे १८४७ पासून आयडरला कायद्याचे संरक्षण आहे. शेतकरी कोल्हे व मिंक यांच्यापासून घरट्यांची राखण करतात आणि लव गोळा करतात. पक्षी मात्र पाळीव नव्हे. तो येतो-जातो आपल्या मर्जीने. नॉर्वेच्या वेगा द्वीपसमूहात त्याच्यासाठी छोटे निवारे बांधण्याची जुनी रीत आहे. तिच्यामुळेच २००४ मध्ये त्या बेटांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.