गणित अडले म्हणजे

शाळेतला पाठ गुरुजींच्या देखत होतो. परंतु गणिताशी खरी गाठ पडते ती रात्री घरी, वही उघडून बसल्यावर. पुस्तकात प्रश्न असतो, शेवटच्या पानावर उत्तर असते, आणि या दोहोंमधली वाट मात्र कोठेच छापलेली नसते. ही वाट मुलास कोणी दाखवावी, कोणत्या भाषेत दाखवावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आजकालचा नव्हे. आपल्या महाराष्ट्रात तो निदान आठशे वर्षांचा जुना आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्याचा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. तिच्यातील कमळाचे उदाहरण अनेकांस ठाऊक असेल. सरोवरात एक कमळ पाण्याच्या वर वीतभर, म्हणजे अर्धा हात, डोकावत आहे. वाऱ्याने ते कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? रीत अशी की, दोनच्या वर्गास अर्ध्याने भागावे, आठ आले. त्यातून अर्धा वजा करावा, साडेसात उरले. त्याचे निम्मे करावे. उत्तर पावणेचार हात. उत्तर बिनचूक आहे आणि रीतही बिनचूक आहे. परंतु ही रीत आली कोठून, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर काय सांगावे? त्यास इतकेच सांगावे लागते की, बाबा रे, देठ उभा असो वा तिरपा, त्याची लांबी बदललेली नाही. हे वाक्य कानी पडताच काटकोन त्रिकोण त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि पुढचे गणित तो स्वतः करतो.

असे वाक्य सांगणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तिचे महत्त्व असे की, तीत सूत्रांच्या उपपत्ती, म्हणजे अमुक रीत खरी का, याची कारणे दिलेली आहेत. आज बाजारात जी मार्गदर्शके मिळतात त्यांचा हा पूर्वजच म्हणावयाचा. मात्र वंशजांपैकी पुष्कळांनी घराण्याचा तो गुण सोडून दिला आहे, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

खर्चाचा प्रश्नही तितकाच जुना. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये त्यास दान दिले. लेखाच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारात उघडल्या जाणाऱ्या मालावरील जकातीचा वाटा आणि तेलघाण्यांचे तेल मठास लावून दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे गणित शिकणाऱ्याच्या दिव्यातील तेल बाजारपेठेने पुरविले. मला तर हा लेख राजांच्या विजयवर्णनांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

इंग्रजी अमदानीत पारडे फिरले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले, १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली, आणि वरच्या इयत्तांत गणित इंग्रजीतून शिकविले जाऊ लागले. तरीही नवी विद्या मराठीत आणण्यासाठी खपणारी माणसे त्या काळी होतीच. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५, यांनी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केले, पुढे पुण्यास अध्यापन केले, आणि अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत पुस्तके लिहिली. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात त्यांचे विद्यार्थी. टिळकांच्या शाळकरी वयाची एक आख्यायिका सांगतात की, गणिताची रीत कोठे आहे असे विचारता त्यांनी डोक्याकडे बोट दाखविले. टिळकांस ते शोभले. इतरांनी रीत वहीतच मांडावी.

आता आमच्या सोलापुराकडे वळतो. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि तिच्यामागोमाग गाव वाढत गेले. पूर्व भागात घराघरातून तेलुगू बोलतात. कानडी, उर्दू आणि मराठी तर आहेतच. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, असे मूल येथे नवलाचे नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने पाठ्यपुस्तके आठ माध्यमांतून काढली, हे मोठेच काम झाले. परंतु दहावी ओलांडून अकरावीच्या विज्ञानशाखेत पाऊल टाकताच मराठी माध्यमाच्या मुलास त्वरण, संवेग आणि जडत्व ही ओळखीची माणसे एकाएकी परक्या पोशाखात भेटतात. त्याच वर्षी त्रिकोणमिती आणि फलने ही मंडळीही अंगावर येतात. विषय अवघड असतो हे खरे; पण कित्येकदा मुलास विषय कळलेला असतो आणि प्रश्न कळलेला नसतो. मग ज्याच्या घरी ऐपत आहे तो शिकवणी लावतो. ज्याचे आईवडील यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यात दिवस घालवितात, त्याने कोणाकडे जावे?

याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. त्यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत उतरविली आणि पानापानावर क्यूआर कोड छापून घेतले, जेणेकरून घरी भ्रमणध्वनी धरताच पाठ ऐकू यावा, पाहता यावा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली. ती शाळा प्राथमिक, तेथे पदार्थविज्ञानाची गणिते नसतात. परंतु रात्री घरी अडलेल्या मुलापाशी त्याच्या भाषेत मदत पोचावी, ही मूळ गोष्ट तीच.

आता तर भ्रमणध्वनीवर प्रश्नाचे छायाचित्र टाकावे आणि पायऱ्यांसह उत्तर घ्यावे, अशी सोय आहे. तिला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. शिकवणीचे पैसे नसलेल्या मुलास ती आधार आहे. पण एक नेहमीचे उदाहरण घ्या. विहिरीत दगड सोडला, दोन सेकंदांनी पाण्याचा आवाज आला; पाणी किती खोल? ९.८ चे निम्मे करून दोनच्या वर्गाने गुणावे, १९.६ मीटर. हे उत्तर उतरवून घेणाऱ्या मुलास पुढे काही सुचत नाही. ज्याने स्वतः विहीर डोळ्यांपुढे आणली तो मात्र हटकून विचारतो, ‘सर, आवाज वर यायला वेळ लागत नाही का?’ लागतो. आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. दगड पडण्याचा वेळ आणि आवाज येण्याचा वेळ मिळून दोन सेकंद, असे मांडले की वर्गसमीकरण तयार होते, आणि ते सोडविण्यास श्रीधराचार्यांचे सूत्र लागते. श्रीधराचार्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात ते सूत्र त्यांच्या नावाने दिले म्हणून ते आपल्यास ठाऊक. समीकरण सोडविता खोली सुमारे साडेअठरा मीटर निघते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर १९.६ च छापलेले असते.