जनसुनावणी : नियम दिल्लीचा, मांडव मंडळाचा

जनसुनावणीत लोक चिडले की पहिल्या शिव्या खातो प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी. पण हे काम त्याच्या गळ्यात बांधलं कुणी?

पर्यावरण मंजुरीची पहिली अधिसूचना केंद्राने काढली २७ जानेवारी १९९४ ला. जनसुनावणीची सविस्तर पद्धत त्यात आली एप्रिल १९९७ मध्ये. आणि ती घ्यायची कुणी? राज्याच्या मंडळाने. आपलं मंडळ १९७० चं, पाण्याच्या प्रदूषणासाठी जन्मलेलं. नमुने घ्या, संमतीपत्रं द्या, नोटिसा काढा, हे त्याचं काम. भरल्या मांडवात संतापलेल्या गावाला सामोरं जाणं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने अपेक्षा आणखी वाढवल्या. ४५ दिवसांत सुनावणी उरकायची, त्यातले किमान ३० दिवस लोकांना पूर्वसूचनेचे. उरले १५, त्यातल्या ७ दिवसांत तारीख-जागा ठरवून जाहिरात द्यायची. पेपर पोचत नाही तिथे दवंडी (हो, अधिसूचनेत चक्क दवंडी आहे!). शिवाय चित्रीकरण, आणि इतिवृत्त लोकांना वाचून दाखवायचं. वेळेत जमलं नाही तर केंद्र दुसऱ्या एजन्सीकडून सुनावणी घेणार. गंमत म्हणजे माणसं किती यावीत याची अटच नाही. अहवाल कंपनीने नेमलेल्या सल्लागाराचा, आणि स्थानिक भाषेत सक्ती फक्त सारांशाची.

जैतापूर आठवा. १६ मे २०१० ला माडबनला सुनावणी झाली. मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, ही ग्रामस्थांची मुख्य तक्रार. त्यांनी मांडवात विचारलं, उत्तर द्यायचं कुणी? मंडळाचं काम इतिवृत्त पाठवण्यापुरतं, हो-नाही म्हणायचा अधिकार दिल्लीला. २८ नोव्हेंबर २०१० ला दिल्लीने मंजुरी दिली. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. ज्याच्यासमोर लोक बोलतात, त्याच्या हातात काही नाही. ज्याच्या हातात आहे, तो मांडवात नसतो. मंडळाची बाजू घेतोय असं समजू नका. कागद वेळेत गावात पोचवणं तरी त्याच्या हातात होतंच.

मार्च २०२० मध्ये केंद्राने नवा मसुदा आणला. त्यात ३० दिवसांची पूर्वसूचना २० वर आली. मसुदा स्वतः मात्र इंग्रजी आणि हिंदीतच. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांत भाषांतर करा, दहा दिवसांत. तर गावात दवंडी पिटायला लावणारं हेच केंद्र त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणणं काय, तर कायद्याने हिंदी आणि इंग्रजी एवढंच आमच्यावर बंधनकारक आहे.