बालकांचा विशेष पथ्याहार : रायगड किनारपट्टी

बालकांचा विशेष पथ्याहार : एखादा अन्नघटक सोसत नसल्यामुळे, किंवा तो सोसत नाही अशा समजुतीने, बालकाच्या आहारातून वगळून योजलेला आहार. प्रस्तुत नोंदीत अन्नाची अधिहर्षता म्हणजेच ॲलर्जी आणि स्वमग्नता ह्या दोन अवस्थांतील पथ्याचा इतिहास रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीतील आहाराच्या संदर्भात दिला आहे. पहिल्या अवस्थेत पथ्य हा उपचाराचा सिद्ध पाया आहे. दुसरीत त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. हा भेद न जाणल्यास बालकाच्या पोषणाची हानी होते.

स्थानिक आहार : उरण, अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन ह्या भागांत भात, तांदळाची व नाचणीची भाकरी, नारळ, वाल आणि ओली वा सुकी मासळी हा परंपरागत आहार होय. गहू हे येथील प्रमुख पीक नव्हे. दुसऱ्या महायुद्धकाळात सुरू झालेले शिधावाटप, १९५६ च्या पी. एल. ४८० करारान्वये देशात आलेला अमेरिकन गहू आणि पुढे पाव-बिस्किटांचा प्रसार ह्यांमुळे त्याचा खप वाढला. पथ्याची कल्पनाही नवी नाही. चरकसंहितेत सात्म्य-असात्म्याचा विचार असून दूध व मासे एकत्र खाणे हा विरुद्ध आहार मानला आहे. श्रावणात मासळी वर्ज्य करणारी घरे आणि पर व खवले नसलेली जलचरे न खाणारा बेने इझ्रायल समाज ही किनाऱ्यावरील परिचित उदाहरणे होत. ह्या पथ्यांमागे धर्माचार वा अनुभव आहे. अधिहर्षतेतील पथ्य मात्र शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या विशिष्ट प्रतिक्रियेवर आधारलेले असते.

अधिहर्षता : ‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाचे बालरोगतज्ञ क्लेमेन्स फोन पीर्के (१८७४–१९२९) ह्यांनी १९०६ साली रूढ केली. १९२१ मधील एका प्रसिद्ध प्रयोगाचा संबंध मासळीशीच होता. हाइन्ट्स क्यूस्टनर ह्यांना शिजविलेली मासळी सोसत नसे. त्यांचा रक्तरस कार्ल प्राउसनिट्स ह्यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला व नंतर तेथे मासळीचा अर्क टोचताच गांधी उठली. रक्तरसातील हा कारक घटक इम्युनोग्लोब्युलिन ई होय, हे १९६६-६७ च्या सुमारास स्पष्ट झाले. दरम्यान अमेरिकेत आल्बर्ट रो ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात वर्जनाहाराची पद्धती मांडली होती : संशयित पदार्थ काही काळ बंद करावयाचे व नंतर एकेक पुन्हा देऊन पाहावयाचे. कोळंबीतील प्रमुख प्रतिजन ट्रोपोमायोसीन हे प्रथिन असल्याचे १९९३ साली भारतीय व अमेरिकन संशोधकांनी दाखविले. ते उष्णतेने सहसा नष्ट होत नाही. म्हणून उकडलेली कोळंबी, सोडे किंवा सुकट अशा बालकास निर्धोक ठरत नाहीत. चिंबोरीतही तशाच प्रकारचे प्रथिन असते. माशांतील प्रमुख प्रतिजन पार्व्हाल्ब्युमीन हे वेगळे असल्याने कोळंबी न सोसणाऱ्या बालकास बोंबील वा बांगडा वर्ज्यच असतो असे नाही. त्याचा निर्णय तपासणीनंतर घ्यावा लागतो.

स्वमग्नता : लिओ कॅनर (१८९४–१९८१) ह्यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकाच्या नजरेस आणली. त्यांतील अनेकांच्या पूर्वेतिहासात तान्हेपणापासूनच्या खाण्याच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. पदार्थाचा रंग, वास वा पोत बदलताच तो नाकारणे हे अशा बालकांत वारंवार आढळते. डच वैद्य व्हिल्लम डिके ह्यांनी १९५० साली गव्हाचा सीलिॲक रोगाशी असलेला संबंध सिद्ध केला. पुढे याक पॅन्कसेप ह्यांनी १९७९ साली स्वमग्नतेचा संबंध मेंदूतील अफूसदृश द्रव्यांशी जोडला. गव्हातील ग्लुटेन व दुधातील केसीन ह्यांच्या अपूर्ण पचनातून अशी द्रव्ये निर्माण होतात, ह्या कल्पनेतून दोन्ही वगळणारा आहार प्रचारात आला. नॉर्वेतील काही लहान अभ्यासांनी आशा निर्माण केली. तथापि अमेरिकेत २००६ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पालक व परीक्षक दोघांनाही आहाराचा प्रकार कळू न देता केलेल्या चाचण्यांत वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही. ह्या चाचण्यांतील मुलांची संख्या थोडी होती हेही खरे. स्वमग्न बालकास सीलिॲक रोग वा अधिहर्षता असू शकते. तेव्हा पथ्य आवश्यकच असते, पण ते त्या विकारासाठी.

योजना व दक्षता : भाताच्या ह्या प्रदेशात गहू वगळणे तुलनेने सोपे आहे, घावन, तांदळाची भाकरी व मोदक ह्यांत ग्लुटेन नसते. मात्र शेवया, रवा आणि बहुधा मैदा मिसळलेला बाजारातील हिंग ह्यांकडे लक्ष द्यावे लागते. दूध वगळणे अधिक जोखमीचे असते. स्वमग्न मुलांच्या हाडांची जाडी कमी असल्याचे व केसीनरहित आहार घेणाऱ्यांत ही उणीव अधिक असल्याचे २००८ साली एका अमेरिकन अभ्यासात आढळले. नारळाचे दूध गाईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात कॅल्शियम व प्रथिने अल्प असतात, १०० ग्रॅ. नाचणीत मात्र सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या बालकाचा भात-मासळीतील एखादा पदार्थही केवळ ऐकीव माहितीवरून काढून घेतल्यास त्याच्या जागी दुसरा तो स्वीकारेलच असे नाही.

२०२० च्या भारतीय विनियमांनुसार वेष्टित खाद्यपदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, मासे, अंडी, दूध, भुईमूग, सोयाबीन इत्यादींचा निर्देश आवश्यक आहे. बाजारात सुटी मिळणारी सुकट वा चटणी ह्यांवर असा निर्देश नसतो; म्हणून अधिहर्ष बालकाच्या घरी भांडी व तळणीचे तेल वेगळे ठेवणे हितावह असते. ओठ सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास ॲड्रेनॅलिनाचे अंतःक्षेपण तातडीने देणे जरूर असते. पथ्य हा त्यावरचा उपाय नव्हे. उलट, कारणावाचून केलेले वर्जनही निरुपद्रवी नसते. भुईमूग लवकर सुरू केलेल्या जोखमीच्या अर्भकांत त्याची अधिहर्षता पुष्कळच कमी आढळल्याचे २०१५ साली लंडन येथील चाचणीने दाखविले. म्हणून वैद्य व आहारतज्ञ ह्यांच्या देखरेखीखाली, मुदत ठरवून व वाढीची नोंद ठेवूनच पथ्य योजावे आणि उपयोग न दिसल्यास वगळलेले अन्न बालकास परत द्यावे.