रॉयल सोसायटीतील भोजनमंडळे व स्नेहमेळावे

लंडनच्या रॉयल सोसायटी या विद्वत्संस्थेच्या सभासदांची सामूहिक भोजने, क्लब व सायंकालीन मेळावे सतराव्या शतकापासून भरत आले आहेत. संस्थेच्या विज्ञानविषयक सभांमध्ये निबंध वाचले जात व प्रयोग दाखवले जात; परंतु सभासदांचा परस्परपरिचय, नव्या उमेदवारांची पारख आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडीची पूर्वतयारी बऱ्याच अंशी सभागृहाबाहेर, भोजनाच्या टेबलावर होत असे. त्यामुळे या टेबलावर कोणाला स्थान मिळते आणि कोणाला नाही, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहिला नाही.

प्रारंभ

रॉयल सोसायटीची स्थापना २८ नोव्हेंबर १६६० रोजी लंडनमधील ग्रेशम कॉलेजात झाली. संस्थेचा वार्षिक दिन ३० नोव्हेंबर, म्हणजे संत अँड्र्यूचा दिवस, हा ठरला. या दिवशी पदाधिकाऱ्यांची निवडणूक होई व त्यानंतर सभासद एकत्र जेवत. १६६३ च्या वार्षिक भोजनासाठी राजा दुसरा चार्ल्स याने हरणाचे मांस पाठवल्याची नोंद जॉन एव्हलिन यांच्या रोजनिशीत आढळते.

त्या काळी लंडनमध्ये कॉफीगृहांचा सुळसुळाट झाला होता. रॉबर्ट हूक यांच्या रोजनिशीवरून संस्थेतील मंडळी तेथे किती वारंवार भेटत याची कल्पना येते. अशा अनौपचारिक बोलण्याचे सर्वांत प्रसिद्ध फलित १६८४ मधील आहे. हूक, ख्रिस्तोफर रेन आणि एडमंड हॅली यांच्यात ग्रहांच्या गतीविषयी चर्चा झाली. ग्रहांवरील आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर त्यांच्या कक्षा कशा असतील, हे सिद्ध करून दाखवणाऱ्यास रेन यांनी चाळीस शिलिंग किमतीचे पुस्तक देऊ केले. मुदतीत ते कोणालाच जमले नाही. पुढे हाच प्रश्न घेऊन हॅली केंब्रिजला आयझॅक न्यूटन यांच्याकडे गेले आणि त्यातून १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रॉयल सोसायटी क्लब

सभासदांच्या नियमित भोजनमंडळाचे लेखी नियम १७४३ पासून उपलब्ध आहेत. त्यांत या मंडळाचा उल्लेख ‘गुरुवारचा क्लब’ असा येतो. ‘रॉयल फिलॉसॉफर्स’ हे त्याचे दुसरे नाव. संस्थेची सभा गुरुवारी असे व त्याच दिवशी मंडळाचे भोजन होई. नियम अत्यंत व्यावहारिक होते. दर गुरुवारी सहा जणांचे जेवण आधीच सांगून ठेवावे, प्रत्येकाने दीड शिलिंग द्यावा, आणि सहापेक्षा कमी माणसे आली तर तूट मंडळाच्या निधीतून भरून काढावी, असे ठरले होते. फ्लीट स्ट्रीटवरील ‘मायटर’ या टॅव्हर्नमध्ये १७८० पर्यंत ही भोजने होत. त्यानंतर ती स्ट्रँड भागातील ‘क्राउन अँड अँकर’ येथे होऊ लागली.

क्लबची सभासदसंख्या मर्यादित होती. रॉयल सोसायटीचा सभासद असला म्हणजे क्लबमध्येही प्रवेश मिळे असे नव्हते. मात्र, अठराव्या शतकाच्या मध्यास एक चमत्कारिक अपवाद करण्यात आला. जो उमराव किंवा सद्गृहस्थ दरवर्षी क्लबला हरणाच्या मांसाचा ठरावीक वाटा भेट देईल, तो ती भेट चालू असेपर्यंत मानद सभासद समजला जाई. जिवंत कासवाची भेट देणाऱ्यांनाही असाच मान मिळे. विद्वत्तेच्या जोडीला स्वयंपाकघराची सोय पाहणारा हा नियम त्या काळातील आश्रयदातृत्वाच्या पद्धतीशी सुसंगतच होता.

हायड्रोजनवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले हेन्री कॅव्हेंडिश या क्लबच्या भोजनांना नियमाने येत. ते पराकोटीचे संकोची होते व इतर सामाजिक संबंध जवळजवळ ठेवत नसत. त्यांना बोलते करायचे असल्यास त्यांच्याकडे न पाहता, जणू हवेशीच बोलत आहोत अशा रीतीने विषय काढावा, अशी आख्यायिका सांगितली जाते. बेंजामिन फ्रँकलिन हेही क्लबचे पाहुणे होते.

अध्यक्षांची दिवाणखाने व विरोधी गट

जोसेफ बँक्स हे १७७८ ते १८२० या काळात अध्यक्ष होते. सोहो स्क्वेअरमधील त्यांचे घर, तेथील ग्रंथालय व वनस्पतिसंग्रह हे लंडनच्या वैज्ञानिक जगाचे दुसरे केंद्रच बनले होते. तेथील बैठकींमुळे तरुण संशोधकांना आधार मिळाला. त्याचबरोबर संस्थेची सूत्रे एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहिली. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये भूशास्त्रात रस असलेल्या तेरा जणांनी भोजनमंडळ म्हणून जिऑलॉजिकल सोसायटी सुरू केली. हे मंडळ स्वतंत्र संस्थेचे रूप घेऊ लागताच बँक्स यांनी विरोध केला व १८०९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. संस्था मात्र टिकली.

१८४७ मध्ये सुधारणावादी सभासदांनी ‘फिलॉसॉफिकल क्लब’ स्थापन केला. स्थापनेच्या वर्षाची आठवण म्हणून त्याची सभासदसंख्या ४७ ठरवण्यात आली. केवळ प्रतिष्ठेच्या बळावर सभासद झालेल्यांचे वर्चस्व कमी करून प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांना पुढे आणणे, हा त्यामागील हेतू होता. १९०१ मध्ये तो जुन्या रॉयल सोसायटी क्लबमध्ये विलीन झाला.

भोजनमंडळाचा प्रभाव किती असू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १८६४ मध्ये सुरू झालेला ‘एक्स क्लब’. टॉमस हक्सली, जोसेफ हूकर, जॉन टिंडल, हर्बर्ट स्पेन्सर यांच्यासह त्यात अवघे नऊ जण होते व दहावा सभासद कधीच निवडला गेला नाही. स्पेन्सर वगळता सर्व जण रॉयल सोसायटीचे सभासद होते. १८७३ ते १८८५ या काळात हूकर, विल्यम स्पॉटिसवूड आणि हक्सली हे तिघे लागोपाठ संस्थेचे अध्यक्ष झाले. तिघेही याच टेबलावरचे होते.

सायंमेळावे व स्त्रिया

१८३० ते १८३८ या काळातील अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स हे केन्सिंग्टन राजवाड्यात सायंमेळावे भरवत. पुढे असे मेळावे संस्थेच्या वतीने होऊ लागले व त्यांना ‘कॉन्व्हर्सात्झिओने’ हे इटालियन नाव रूढ झाले. संभाषणासाठी जमणे, असा त्याचा अर्थ. निमंत्रित मंडळी दालनांतून फिरत, सूक्ष्मदर्शक, छायाचित्रे व नवी उपकरणे पाहत आणि संशोधकाशी प्रत्यक्ष बोलत. विल्यम क्रुक्स यांचे प्रकाशात फिरणारे रेडिओमीटर १८७५ मध्ये अशाच मेळाव्यात दाखवले गेले.

प्रारंभी हे मेळावे पुरुषांपुरते होते. १८७० च्या दशकापासून स्त्रियांना निमंत्रण असलेला वेगळा मेळावा भरू लागला. पण या स्त्रिया सभासदांच्या पाहुण्या म्हणूनच येत. १८९९ मध्ये हर्था एर्टन यांनी विद्युत्-प्रज्योतीवरील आपले प्रयोग तेथे स्वतः मांडले. सर्वांत धोकादायक वाटणारे उपकरण एक स्त्री हाताळत आहे याचे इतर स्त्रियांना वाटलेले आश्चर्य तत्कालीन वृत्तपत्राने नोंदवले. १९०२ मध्ये सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचवण्यात आले, तेव्हा विवाहित स्त्री कायद्याने सभासद होण्यास पात्र नाही, असा सल्ला संस्थेला मिळाला व प्रस्ताव बाजूला पडला. १९०४ मध्ये त्यांनी संस्थेच्या सभेत स्वतःचा निबंध वाचला आणि १९०६ मध्ये त्यांना संस्थेचेच ह्यूज पदक मिळाले. सभासदत्व मात्र मिळाले नाही. कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन या पहिल्या स्त्री सभासदांची निवड १९४५ मध्ये झाली.

या मेळाव्यांच्या परंपरेतूनच संस्थेचे सध्याचे उन्हाळी विज्ञान प्रदर्शन विकसित झाले. त्यासाठी सभासदाच्या निमंत्रणाची आवश्यकता नसते. ते सर्वांसाठी खुले असते.