डागडुजीचा नोंद नसलेला इतिहास

सिंदखेडराजाला गेलेला अभ्यासक लखुजी जाधवांचा वाडा पाहतो, १५९८ साली जिजाबाईंचा जन्म जिथे झाला ती जागा पाहतो, आणि मग मोती तलाव व पुतळा बारव यांकडे वळतो. बारवेतली शिल्पे, तलावाचा दगडी बांध यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु या बांधाची झिरपणारी सांध कोणी बुजवली, दर उन्हाळ्यात बारवेतला गाळ कोणी उपसला, याचा उल्लेख सहसा सापडत नाही. आपला इतिहास उभारणीचा आहे, दुरुस्तीचा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील नळदुरुस्तीच्या, विशेषतः फसलेल्या आणि कामचलाऊ दुरुस्तीच्या निमित्ताने या उणिवेचा विचार करावा, असे वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजीतील 'प्लंबर' हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लुम्बुम'वरून आला, कारण रोमन काळापासून नळ शिशाचे असत. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतील या व्यवसायाला आपल्याकडे 'नळ कारागीर' हे नाव मिळाले, तर फिटरला 'जोडारी'. दोन्ही शब्द सुंदर आहेत. पण ते प्रमाणपत्रावरच राहिले. चिखली-मेहकरच्या बाजारपेठेत माणूस 'फिटर'लाच बोलावतो. कामाच्या निंदेसाठी मात्र मराठीजवळ समृद्ध शब्दसंपत्ती आहे: थातूरमातूर, वेळमारू, ठिगळ, मलमपट्टी. 'डागडुजी' हा यांतला जुना आणि प्रतिष्ठित शब्द. भांड्याचे छिद्र झाळून बुजवण्याला आपण 'डाग देणे' म्हणतो. त्या डागाशी या शब्दाचे नाते जोडण्याचा मोह होतो.

साहित्य बदलले तशी कामचलाऊ दुरुस्तीही बदलली. बिडाच्या नळांचे सांधे ताग ठासून, वर वितळलेले शिसे ओतून भरत. ते काम सावकाशीचे होते. पुढे लोखंडी जीआय पाईप आले आणि आट्यांवर ताग व सफेदा चढवून जोड घट्ट करण्याची रीत रुळली. मग पीव्हीसी आले. लोखंडी नळाला प्लास्टिकचा नळ जोडायला योग्य तो तुकडा हाताशी नसेल, तर प्लास्टिकचे टोक जाळावर मऊ करून लोखंडावर चढवायचे आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, ही युक्ती गावोगावी दिसते. नळाला बारीक छिद्र पडले तर लाकडाची खुंटी ठोकायची. ओली खुंटी फुगते आणि छिद्र धरून ठेवते. यांतली एकही युक्ती मूर्खपणाची नाही. दोन दिवसांसाठी केलेली दुरुस्ती दहा वर्षे तशीच राहते, दोष तेथे आहे.

जिल्ह्याच्या उत्तर भागात आणखी एक कारण भर घालते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत पसरला आहे. तेथील भूजलातले क्षार लोखंडी आट्या खातात आणि नळात पुटे धरतात. अशा नळाला पाना लावला की जोड सुटण्याऐवजी नळच तुटतो. त्यामुळे अनुभवी कारागीर जुन्या जोडाला हात लावत नाही. तो वरूनच बांधतो. बाहेरून ज्याला आपण अर्धवट काम म्हणतो, ते पुष्कळदा त्याचे शहाणपण असते.

परंतु या शहाणपणाची किंमत कोण मोजतो? येथे पाणी रोज येत नाही. टंचाईच्या दिवसांत ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. परिणामी दुरुस्ती आज होते आणि तिची परीक्षा आठवड्याने. तोवर खड्डा बुजलेला असतो, मजुरी दिली गेलेली असते. नळात दाब असतो तेव्हा सैल जोडातून पाणी बाहेर जाते. नळ रिकामा झाला, किंवा कोणी टिल्लू पंप लावून पाणी ओढले, की त्याच जोडातून गटाराचे पाणी आत येते. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याने पटकीची भयंकर साथ पसरली, हे जॉन स्नो यांच्यामुळे जगाला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी खोदकाम केले तेव्हा त्या विहिरीपासून हाताच्या अंतरावर एका घराच्या मैलाकुंडीचे खिळखिळे झालेले वीटकाम सापडले, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. साथीच्या मुळाशी वेळीच न झालेली एक डागडुजी होती.

जुन्या जलरचनाकारांनी ही गोष्ट ओळखली होती. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, नहर आणली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी शहरात आले, त्या नळाला ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून माणूस खाली उतरून गाळ काढू शके, बिघाड पाहू शके. रचना बिघडणारच, हे गृहीत धरून दुरुस्तीला जागा सोडलेली होती. आपण नळ पुरतो आणि त्यावर सिमेंटचा रस्ता ओततो. मग गळती शोधायची तर रस्ता फोडावा लागतो. आणि फोडलेला रस्ता बुजवण्याची घाई कामाच्या दर्जाचा बळी घेते.

नवा फिटर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कोणी केले होते? साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रश्नात पाठचिकित्सेचा सूर ऐकू यावा. लेखनिकांच्या हातून बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, आणि त्या दुरुस्तीची तिथीसह नोंद ग्रंथाच्या शेवटी आली. म्हणून चारशे वर्षांनंतरही आपण तिची चर्चा करू शकतो. नळाच्या जोडाला अशी पुष्पिका नसते. ज्याने जोड मारला तो निघून जातो. नंतर येणाऱ्याला केवळ त्याचे दोष दिसतात, त्याची अडचण दिसत नाही.

लहान गावांत जमिनीखालच्या नळांचा खरा नकाशा बहुधा व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. कोणती वाहिनी कोठून वळते, कोठे ट्यूब बांधलेली आहे, कोणती चावी उलटी फिरते, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला की तो नकाशाही जातो. मौखिक परंपरेच्या अभ्यासासाठी आपण विद्यार्थ्यांना ओव्या आणि लोककथा गोळा करायला पाठवतो, ते योग्यच आहे. एखाद्या वर्षी त्यांना व्हॉल्व्हमनकडेही पाठवावे. त्यांनी लिहून आणलेल्या वह्या भाषेच्या उपयोगी पडतीलच. त्याहून अधिक, पुढच्या वेळी खड्डा कोठे खणायचा हे त्यांवरून कळेल.