रिकिदोझान : एका मल्लाची दोन गावे

कुस्ती हा विषय व्याख्यानपीठावर आणावयाचा म्हटला, की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. त्यातून ती तांबड्या मातीतली असती तर एक वेळ चालले असते. पण दोरांच्या चौकटीत, विजेच्या झगझगाटात, तिकिटे लावून चालणारी ही धंदेवाईक कुस्ती! तिचा इतिहासाशी काय संबंध, असे कोणीही विचारील. आमचे उत्तर एवढेच, की महायुद्धात धुळीला मिळालेले एक राष्ट्र ज्या माणसाच्या खांद्यावर बसून पुन्हा मान वर करावयास शिकले, तो खांदा मूळचा कोणाचा होता याची चौकशी करणे हे इतिहासाचेच काम होय.

19 फेब्रुवारी 1954 ची संध्याकाळ. टोकियोतील शिंबाशी स्थानकासमोरच्या चौकात माणसांचा समुद्र लोटला होता. जपानात दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि यंत्राची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून 'निप्पोन टेलिव्हिजन' या खाजगी कंपनीचे चालक मात्सुतारो शोरिकी यांनी शहरातल्या चौकांत उंचावर यंत्रे बसवून दिली होती. फुकट पाहणाऱ्यांची गर्दी जाहिरातदारांस दाखवावयाची आणि त्यांच्याकडून पैसा उभा करावयाचा, असा तो हिशेब. त्या रात्री कुरामाए येथील सुमोच्या मंडपात बेन आणि माइक शार्प या दोन धिप्पाड गोऱ्या भावांशी दोन जपानी मल्लांची जोडीची कुस्ती होती. अशा कुस्तीत जोडीतला एक आत लढतो, दुसरा दोराबाहेर हात पुढे करून उभा राहतो. हाताला हात लागला की पाळी बदलते.

जपानी जोडीतला एक मासाहिको किमुरा. ज्युदोमध्ये त्याच्या तोडीचा माणूस त्या काळी नव्हता. 1951 मध्ये ब्राझीलला जाऊन त्याने एलिओ ग्रेसी या तेथल्या नामांकित मल्लाला हरविले होते. पण अंगाने तो ठेंगणा. गोऱ्यांनी त्याला लोळवावे, दोरावर दाबून धरावे, पंचांचा डोळा चुकवून दोघांनी मिळून बडवावे, आणि चौकातल्या हजारो माणसांनी दात-ओठ खावेत, असे चालले असता किमुराचा हात कसाबसा जोडीदाराच्या हाताला लागे. मग काळी लांब विजार घातलेला तो दुसरा आत उडी घेई आणि उघड्या तळहाताच्या कडेने गोऱ्यांच्या छातीवर सपासप वार करू लागे. ते दोघे मागे हटत, हात जोडत, कोसळत. हा दुसरा म्हणजे रिकिदोझान.

अमेरिकन सैन्याचा अंमल उठून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या उंच गोऱ्या शिपायाला वाट करून देण्याची सवय अंगवळणी पडली होती, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्याला आपला माणूस भर मंडपात लोळवतो आहे, या दृश्याने लोक रडले, नाचले, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले. शार्प बंधू मूळचे कॅनडातले होते, हे येथे सांगून टाकू. गर्दीला त्याचे सोयरसुतक नव्हते. आणि ज्याला ती 'आपला माणूस' म्हणत होती, तोही जन्माने जपानी नव्हता.

त्याचे नाव किम सिन-राक. 1924 साली उत्तर कोरियाच्या हामग्योंग भागात, समुद्राजवळच्या मुलुखात तो जन्मला असे मानले जाते. कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता. 'सिरुम' नावाची कोरियन कुस्ती त्याच्या घरात होती. थोरला भाऊही नावाजलेला मल्ल होता. नागासाकी प्रांतातील ओमुरा गावच्या मोमोता नावाच्या गृहस्थाच्या नजरेत हा पोरगा भरला आणि 1940 मध्ये, वयाची सोळा वर्षे पुरी होण्यापूर्वी, तो टोकियोच्या निशोनोसेकी या सुमो-तालमीत दाखल झाला. त्याच साली कोरियन लोकांनी जपानी वळणाची नावे घ्यावीत असा फतवा निघाला होता. म्हणजे नाव बदलण्याची सक्ती झाली ती एकट्या त्याच्यावर नव्हे, अवघ्या देशावर झाली.

तालमीत त्याला 'रिकिदोझान' हे नाव मिळाले. शक्ती, मार्ग आणि पर्वत अशा अर्थाची ती तीन चिनी अक्षरे. सुमोच्या मानांकनाच्या पत्रकावर मल्लाच्या नावासोबत त्याचे गाव छापण्याची रीत आहे. आरंभी तेथे 'कोरिया' असे येई. थोड्याच काळात तेथे ओमुराकडचा मुलूख आला. आपल्याकडेही पहिलवानाच्या नावाआधी गाव सांगतात, तेव्हा या बदलाचे वजन आपल्या ध्यानी सहज यावे. मल्ल तोच, मातीही तीच, गाव मात्र दुसरे.

सुमोत तो वर चढला. 1946 मध्ये पहिल्या श्रेणीत आला, 1947 मध्ये एका स्पर्धेत अंतिम फेरलढतीपर्यंत पोचला, 1949 मध्ये 'सेकिवाके' झाला. वरून तिसरी अशी ही पायरी. आणि 1950 च्या सप्टेंबरात त्याने आपली शेंडी स्वतःच्या हाताने कापून टाकली. सुमोत शेंडी उतरविणे हा निवृत्तीचा सोहळा असतो. गुरू, मित्र, आश्रयदाते एकेक केस कातरतात. एकट्याने, रागाने ती कापणे म्हणजे घराला लाथ मारून निघणे. कारणांविषयी मतभेद आहेत. फुप्फुसाच्या विकाराने तो खंगला होता, पैशावरून गुरूशी बिनसले होते, आणि कोरियन म्हणून वरच्या पायऱ्या आपल्याला दुष्प्राप्य आहेत असे त्याला वाटत होते, असेही सांगतात. आम्हांस वाटते, तिन्ही कारणे खरी असण्यास हरकत नाही. माणूस क्वचितच एका कारणाने घर सोडतो.

याच सुमारास त्याने कागदोपत्री एक गोष्ट उरकून घेतली. मोमोता घराण्याच्या कुटुंबनोंदीत 'मित्सुहिरो मोमोता, जन्म ओमुरा' असे त्याचे नाव चढले. ही नुसती हौस नव्हती. एप्रिल 1952 मध्ये सान फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला, आणि जपानात राहिलेल्या सुमारे सहा लाख कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेले. काल सम्राटाची प्रजा, आज परके. त्या वेळी मित्सुहिरो मोमोता हवाईत नवी कुस्ती शिकत होता. 1951 च्या शरद ऋतूत अमेरिकन मल्लांचा एक जथा टोकियोस आला असता त्याने बॉबी ब्रन्सबरोबर दहा मिनिटांची बरोबरी केली होती. त्यातूनच हा प्रवास घडला. कुटुंबनोंदीतली ती ओळ नसती तर त्याला असे मोकळेपणी जाता-येता आले असते काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

1953 मध्ये तो परतला, व्यावसायिक कुस्तीची संस्था त्याने उभी केली, आणि पुढच्या वर्षी शार्प बंधूंचा तो सामना झाला.

आता जो प्रश्न श्रोत्यांच्या ओठावर असणार त्याकडे वळू. या कुस्त्या खऱ्या होत्या काय? आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा' म्हणतात, आणि तिचा वास आला की फडावरचा प्रेक्षक खवळतो. या धंद्यात निकाल बहुधा आधीच ठरलेला असे. पण दुखापत खोटी नसे, घाम खोटा नसे. आणि ठरलेले मोडण्याची मुभा ताकदवान माणसाला नेहमीच असते. किमुराला याचा अनुभव आला. गोऱ्यांच्या हातून मार खाण्याचे काम आपले आणि टाळ्या घेण्याचे रिकिदोझानचे, याला तो विटला. खरी कुस्ती झाली तर मीच जिंकेन, असे त्याने वर्तमानपत्रापाशी बोलून टाकले. 22 डिसेंबर 1954 रोजी दोघे समोरासमोर आले. किमुराने पुढे आयुष्यभर सांगितले, की बरोबरी करावयाची ठरले होते. प्रत्यक्षात पंधरा-सोळा मिनिटांत रिकिदोझानने त्याला वारांवर वार करून रक्तबंबाळ केले आणि तो निपचित पडला. रिकिदोझानचे म्हणणे, किमुराने आधी जांघेत लाथ मारली. खरे काय ते त्या दोघांबरोबर गेले. आमचे मत विचाराल तर त्या रात्री रिकिदोझानला आपल्या नावावर दुसऱ्या कोणाचा हक्क नको होता. ज्युदोचा तो खराखुरा जपानी वीर शेजारी उभा असेपर्यंत 'जपानचा पहिला मल्ल' ही पदवी पुरती त्याची होत नव्हती.

1955 मध्ये आशियाच्या अजिंक्यपदासाठी त्याची गाठ पडली ती किंगकाँगशी. हंगेरीत जन्मलेला हा अजस्र मल्ल मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा. दारासिंगबरोबरच्या त्याच्या कुस्त्यांच्या गोष्टी जुनी माणसे रंगवून सांगत. एकेरी लढतीत रिकिदोझानने त्याच्यावर मात केली. जोडीच्या लढतीत मात्र किंगकाँग आणि आपल्या पंजाबचा टायगर जोगिंदरसिंग यांनी बाजी मारली.

ऑक्टोबर 1957 मध्ये जगज्जेता लू थेझ टोकियोस आला. साठ मिनिटांची ती लढत बरोबरीत सुटली आणि दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी शेकडा 87 लोकांनी ती पाहिल्याची मोजणी झाली. पुढल्या वर्षी लॉस एंजेलिसला त्याने थेझला हरविले. शुक्रवारी रात्री कुस्तीचा कार्यक्रम लागू लागला. त्याची पुरस्कर्ती मित्सुबिशी कंपनी. म्हणून दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात आखाडा झाडण्याच्या निमित्ताने तिचे विजेवर चालणारे झाडणयंत्र कॅमेऱ्यासमोर फिरविले जाई! राष्ट्राभिमान आणि घरगुती यंत्रे एकाच पडद्यावरून घरोघर पोचली. 1962 मध्ये फ्रेडी ब्लासीबरोबरच्या लढतीत इतके रक्त सांडले, की ते पाहून काही वृद्ध दगावल्याच्या बातम्या आल्या. रिकिदोझान धनाढ्य झाला. शिबुया भागात क्रीडाभवन, आकासाकात भाड्याच्या घरांची टोलेजंग इमारत, भोवती राजकारणी आणि गुंडही.

एवढ्या उजेडात राहून गुपित कसे टिकले? आमच्या मते ते गुपित नव्हतेच. सुमोच्या जुन्या पत्रकावर ते छापलेले होते. वार्ताहरांना माहीत होते. जपानातल्या कोरियन वस्त्यांत पुष्कळ घरी ते हलक्या आवाजात, अभिमानाने बोलले जाई. जे सर्वांना ठाऊक आणि कोणीच उच्चारीत नाही, त्याला राखणदार लागत नाही. त्याला मात्र सदैव सावध राहावे लागे. 1958 मध्ये किम इल नावाचा कोरियन तरुण त्याचे शिष्यत्व पत्करावे म्हणून चोरून जपानात उतरला आणि पकडला गेला. रिकिदोझानने वजन खर्चून त्याला सोडविले, तालमीत घेतले आणि 'किंतारो ओकी' असे जपानी नाव दिले. किम इलने आपले कोरियनपण झाकले नाही. पुढे दक्षिण कोरियाचा तो लाडका मल्ल झाला. शिष्याला जे साधले ते गुरूला साधण्यासारखे नव्हते. शिष्याने कोणा राष्ट्राचा अपमान धुऊन काढण्याचे काम अंगावर घेतले नव्हते.

जानेवारी 1963 मध्ये रिकिदोझान दक्षिण कोरियाच्या निमंत्रणावरून सोलला गेला. तेथे त्याचा मोठा सत्कार झाला. जपानात त्याची वाच्यता होऊ नये अशी त्याची खटपट होती; एका वर्तमानपत्राने बातमी छापली तेव्हा तो भयंकर संतापला. जन्मगाव तर सीमेच्या पलीकडे, उत्तरेत राहिले. या वारीत त्याला ते दिसणे शक्य नव्हते. जूनमध्ये त्याचे थाटाचे लग्न झाले. 8 डिसेंबरला रात्री आकासाकातील 'न्यू लॅटिन क्वार्टर' या नृत्यगृहात एका गुंडाशी बाचाबाची होऊन त्याच्या पोटात सुरी बसली. जखम बेतावर आहे असे प्रथम वाटले. पण पोटात विकार वाढला, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि 15 डिसेंबर 1963 रोजी तो गेला. वय एकोणचाळीस.

1960 मध्ये एकाच दिवशी त्याने आखाड्यात उतरविलेले दोन शिष्य, जायंट बाबा आणि अंतोनिओ इनोकी, यांनी पुढे जपानी कुस्ती वाटून घेतली. गुरूच्या मूळ गावाची गोष्ट जपानात उघडपणे लिहिली जाऊ लागली ती त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. उत्तर कोरियाने तर त्याला आपला देशभक्त म्हणून मिरविले. तेथे मागे राहिलेली त्याची एक मुलगीही होती. 1976 मध्ये मुहम्मद अलीशी झुंजलेला तो इनोकी एप्रिल 1995 मध्ये प्योंगयांगला गेला. गुरूच्या जन्मभूमीत कुस्ती करावयाची, हे त्याने सांगितलेले कारण. तेथल्या प्रचंड क्रीडांगणात, लाखाच्या पुढे जमलेल्या लोकांसमोर, अमेरिकन रिक फ्लेअरशी त्याची लढत झाली.

टोकियोत इकेगामी येथील होन्मोनजी मंदिराच्या आवारात रिकिदोझानची समाधी आहे, आणि तेथे हाताची घडी घातलेला त्याचा अर्धपुतळा आहे. त्याच्या नावाची तीन अक्षरे जपानी माणूस 'रिकिदोझान' अशी वाचतो. तीच अक्षरे कोरियन उच्चाराने वाचली, की 'योकदोसान' होतात. आणि त्याच्या जन्मगावाकडे, उत्तरेत, 'रियोकदोसान'.